कोचीला निघण्याआधी

चि. मुलीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा कोचीचा बेत वाचला. शुक्रवारी अकराला मट्टांचेरीचा डच पॅलेस, शनिवारी दहाला ज्यूंचा सिनगॉग (त्यांचं प्रार्थनामंदिर), मग बोट, मग मासे पकडायची चिनी जाळी, मग सूर्यास्त. एकटीनं करायचा पहिला मोठा प्रवास, तेव्हा इतकं बारीक लिहून काढावंसं वाटलं हे मी समजू शकते. आईबाबांची परवानगी मिळवायलाही तो कागद कामी आला असेल. पण डच पॅलेस शुक्रवारी बंद असतो आणि सिनगॉग शुक्रवार, शनिवार दोन्ही दिवशी. तू दोन्ही ठिकाणी कुलूप बघून परत येणार होतीस.

म्हणून हे पत्र. मसाल्याच्या खरेदीसाठी मी आयुष्यभर त्या गावी ये-जा केली. आपल्याकडून गेलेल्या पाहुण्यांची तिथे कुठे आणि कशी फजिती होते, हे जवळून बघितलं आहे. बहुतेक वेळा कारण एकच असतं. माणूस आपलं वेळापत्रक घेऊन जातो आणि कोची तिच्या वेळापत्रकानं चालते. तिथे भरती-ओहोटीची वेळ आहे, शब्बाथची, म्हणजे ज्यूंच्या शनिवारच्या विश्रांतीची वेळ आहे, दुपारच्या पावसाची वेळ आहे, शेवटच्या बोटीची वेळ आहे. एवढ्या चार वेळा तू आधी शिकून घे. बाकी दिवस मोकळा सोडलास तरी चालेल.

आधी गाडीचं बोलू. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक जूनच्या मध्याच्या सुमाराला लागतं आणि ऑक्टोबरात उठतं. त्या दिवसांत गाड्या सावकाश हाकतात, त्यामुळे पोचायच्या वेळा बदलतात. केरळकडून सुटणाऱ्या काही गाड्या तर सुटतातही बऱ्याच आधी. तू जाणार ऑक्टोबर संपता संपता, म्हणजे ऐन बदलाच्या तोंडावर. तिकीट काढताना पाहिलेली वेळ डोक्यात धरून बसू नकोस. जाताना आणि परतताना, दोन्ही वेळा, आदल्या दिवशी रेल्वेच्या १३९ या नंबरला फोन करून खात्री कर. पाऊस रेंगाळला तर त्या मार्गाचा भरवसा नसतो. २०२४ च्या जुलैत पेडण्याच्या बोगद्यात पाणी शिरलं, आणि आठवडा उलटायच्या आत दिवाणखवटीजवळ दरड रुळावर आली. काही गाड्या रद्द झाल्या, काही लांबच्या मार्गानं वळवल्या. ऑक्टोबरात इतकं होणार नाही, तरी डब्यात दोन वेळच्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी जास्तीची ठेव. तुला नाही लागल्या तर समोरच्या बाकावरच्या कुणाला तरी लागतील, आणि दशमी पुढे केली की बोलणं सुरू होतं. कुठे उतरायचं, कुठल्या बाजूनं बाहेर पडायचं, हे त्या बोलण्यातूनच कळतं.

आता उतरायचं. एर्नाकुलमला दोन मोठी स्टेशनं आहेत. एक एर्नाकुलम जंक्शन, त्याला सगळे साउथ म्हणतात. दुसरं एर्नाकुलम टाउन, ते नॉर्थ. आमच्याकडे कामाला असलेला एक मुलगा रात्री झोपेतून उठून नॉर्थला उतरला, आणि साउथच्या समोरचं लॉज तासभर शोधत फिरला. ती फजिती किरकोळ. दोन्हींत अंतर जेमतेम तीन किलोमीटर आहे आणि दोन्हींजवळ मेट्रो आहे: साउथला त्याच नावाचं स्टेशन, नॉर्थला टाउन हॉल. खरी पंचाईत होते ती परतताना. आपण साउथच्या फलाटावर सामान घेऊन उभे असतो आणि गाडी नॉर्थवरून निघून गेलेली असते. कोट्टायममार्गे येणाऱ्या-जाणाऱ्या कित्येक गाड्या जंक्शनला येतच नाहीत. तेव्हा तिकिटावर जंक्शन आहे की टाउन, ते आजच बघ आणि कागदावर मोठ्या अक्षरात लिही.

आणखी एक. औषधं, ओळखपत्र, थोडी रोकड आणि फोनचा चार्जर, एवढं अंगावरच्या छोट्या पिशवीत राहू दे. झोपतानाही ती उशाशी. माझ्याबरोबर एकदा एक आजी होत्या. आम्ही उतरलो आणि त्यांची औषधांची पिशवी खिडकीच्या खुंटीला तशीच लटकत तिरुवनंतपुरमकडे गेली. फलाटावरूनच १३९ ला लावला. गाडीचा नंबर, डबा, बर्थ, पिशवीचा रंग, एवढं सांगितलं. पुढच्या एका स्टेशनावर रेल्वे पोलिसांनी ती उतरवून घेतली आणि दुसऱ्या दिवशी हातात मिळाली. पण ती रात्र काढायला रक्तदाबाची गोळी हवीच होती. डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो आजींच्या सुनेनं फोनवर पाठवला म्हणून निभावलं. तू तुझ्या दम्याच्या औषधाच्या चिठ्ठीचा फोटो आत्ताच काढून ठेव, आणि आईलाही पाठवून ठेव.

स्टेशनाबाहेर पडलीस की तू एर्नाकुलममध्ये असतेस. तुझ्या यादीतली जवळपास सगळी ठिकाणं पाण्याच्या पलीकडे आहेत, फोर्ट कोची आणि मट्टांचेरीला. हे न समजल्यामुळे लोक पहिला अर्धा दिवस रिक्षात घालवतात. मधलं पाणी म्हणजे वेंबनाड कायल, आपल्या भाषेत खाडी म्हण, जिथे समुद्राला मिळते ती जागा. १३४१ साली पेरियार नदीला मोठा पूर आला. त्यात उत्तरेकडचं जुनं मुझिरिस बंदर गाळानं भरलं आणि कोचीपाशी समुद्राचं तोंड रुंदावलं, असं इतिहासकार मानतात. ज्या बंदरातून रोमला मिरी गेली ते बुजलं, आणि हे उघडलं. अरब, चिनी, पोर्तुगीज, डच, इंग्रज हे सगळे त्या एका तोंडातून आत आले. पुढे विसाव्या शतकात रॉबर्ट ब्रिस्टो नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं तोंडाशी असलेला वाळूचा बांध उपसून मोठ्या जहाजांना वाट करून दिली, आणि त्या उपसलेल्या गाळातून विलिंग्डन बेट उभं केलं. बोटीतून जाताना मधे दिसणारं सपाट बेट ते. त्याच्याकडे पाठ करून फोटो काढत बसू नकोस, नीट बघ.

पाणी ओलांडायला दोन सोयी आहेत. एक, राज्य सरकारची जुनी बोट, एर्नाकुलम जेट्टीवरून सुटणारी. तिकीट अगदी नाममात्र. दुसरी, वॉटर मेट्रो, २०२३ च्या एप्रिलात सुरू झालेली. विजेवर चालणाऱ्या, थंडगार, मोठ्या काचांच्या बोटी, कोचीच्याच गोदीत बांधलेल्या. हायकोर्टजवळच्या टर्मिनलवरून फोर्ट कोचीला जातात. जाताना वॉटर मेट्रोनं जा, येताना जुन्या बोटीनं ये, किंवा उलट. एकदा तरी जुन्या बोटीत बसच. लाकडी बाकांवर शाळेची मुलं, कोर्टातले कारकून, माशांची टोपली पायाशी घेतलेल्या बाया, इंजिनाची धडधड, आणि उघड्या खिडकीतून तोंडावर येणारे तुषार. उतरल्या उतरल्या मात्र एक काम कर. परतीची शेवटची बोट किती वाजता आहे, ते खिडकीवर विचार आणि फोनात लिहून ठेव. सूर्यास्त बघून रमलेली माणसं रात्री जेट्टीवर येतात तेव्हा खिडकी बंद झालेली असते, मग पुलांवरून फेरा मारून रिक्षावाला मागेल तेवढे पैसे द्यावे लागतात.

गर्दीत चुकून वायपीनच्या बोटीत बसलीस, तर घाबरू नकोस. हे पुष्कळांचं होतं, कारण हायकोर्टच्या बाजूनं तिकडेही बोटी सुटतात. वायपीन म्हणजे फोर्ट कोचीच्या अगदी समोरचं बेट. तिथून रो-रो आहे, गाड्या आणि माणसं एकत्र नेणारा सपाट तराफा म्हण. काही मिनिटांत फोर्ट कोची. तोंडाच्या त्या चिंचोळ्या पाण्यातून रो-रो तिरपी जाते, कारण ओढ फार असते, आणि कधी कधी डोंगराएवढं मालवाहू जहाज आधी जाऊ द्यावं लागतं. ठरवून गेलेल्या पाहुण्याला हे दिसत नाही. मी तर म्हणेन, ही चूक तू मुद्दाम कर.

चिनी जाळी संध्याकाळी सूर्य मागे ठेवून बघायची, असं सगळे सांगतात. चित्र सुंदर येतं, खरं आहे. पण जाळी चालतात भरतीला. ओहोटीच्या वेळी गेलीस तर ती नुसती टांगलेली दिसतील. आदल्या रात्री भरतीची वेळ बघ, आणि ती सकाळी लवकर असेल तर पहाटेच जा. एक जाळं निवड आणि त्याच्यासमोर अर्धा तास उभी राहा. सागवानाच्या वाशांचा तिरका सांगाडा, सुमारे दहा मीटर उंच. पुढच्या टोकाला पाण्यावर पसरलेलं जाळं, आणि मागच्या बाजूला दोरांना एकाखाली एक बांधलेले धोंडे. ते धोंडे म्हणजे तोल. सगळा सांगाडा इतका नेमका तोललेला असतो, की एक माणूस मधल्या मोठ्या वाशावरून पाण्याच्या दिशेनं चालत गेला, की त्याच्या एकट्याच्या वजनानं जाळं खाली उतरतं. काही मिनिटं पाण्यात राहतं. मग मागचे चारपाच जण एका सुरात दोर ओढतात, धोंडे एकेक करून फळ्यांवर टेकतात, आणि जाळं वर येतं. त्यात काय असतं? बऱ्याचदा मूठभर. चार काळुंद्र्या, थोडी कोलंबी, एखादा चिंबोरा. पावसानंतरच्या दिवसांत जलपर्णीचे गोळेच जास्त. बगळे आणि मांजरी आधीपासून जागा धरून बसलेल्या असतात. इतक्या लोकांच्या इतक्या मेहनतीतून एवढंसंच निघतं हे बघितलंस, म्हणजे ते तुला दोर ओढायला बोलावून नंतर पैसे का मागतात, ते कळेल. ओढायचं असेल तर आधी रक्कम ठरव आणि आनंदानं दे. लाकूड महाग झालंय, सांगाडा दुरुस्त ठेवणं परवडत नाही, काही जाळी मोडकळीला आली आहेत. ती उभी आहेत ती त्या माणसांच्या जिद्दीवर.

तिथेच ताजी मासळी विकायला असते आणि शेजारच्या टपरीवर शिजवूनही देतात. मासळीचा भाव वजनावर, शिजवण्याचे पैसे वेगळे. दोन्ही आधी विचारून घे, वजन डोळ्यांसमोर होऊ दे. आणि तिथल्या समुद्रात उतरू नकोस, गुडघाभरसुद्धा नाही. बंदराचं तोंड आहे ते, ओढ दिसत नाही पण असते. डुंबायचंच असेल तर वायपीन बेटावर उत्तरेला चेराईची पुळण आहे, तिथे दिवस काढ.

आता मट्टांचेरी. यादी बदलून घे: पॅलेस आणि सिनगॉग रविवारनंतर. शनिवारी बंद दाराशी जाऊन उभी राहिलीस, तर मात्र रागावून परत फिरू नकोस. शनिवारी कामाला हात न लावण्याचा हा रिवाज आपल्या अलिबाग-पेणच्या गावांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिला आहे. आपल्याकडचे बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले ज्यू, तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. एकोणिसाव्या शतकात त्यांना धर्मशिक्षण द्यायला कोचीनहून ज्यू शिक्षक कोकणात आणि मुंबईत आले होते. म्हणजे ज्या दारासमोर तू उभी असशील, त्याचा आपल्या किनाऱ्याशी जुना संबंध आहे. सिनगॉग १५६८ चा. आत जाशील तेव्हा अनवाणी जायचं असतं. पायाखाली निळ्या-पांढऱ्या चिनी फरशा आहेत, हातानं रंगवलेल्या, एकीसारखी दुसरी नाही. लोक वरची झुंबरं बघत राहतात. तू खाली बघ. बाहेरचा घड्याळाचा मनोरा १७६० चा, वेगवेगळ्या बाजूंना वेगवेगळ्या लिपीतले आकडे.

बंद दारापासून मागे वळलीस की बाजार रोड लागतो, आणि माझ्या दृष्टीनं मट्टांचेरी तिथे सुरू होते. पाण्याला लागून जुनी गोदामं, जाड भिंतींची, कौलारू. वास आधी येतो. सुंठ, मिरी, तागाची पोती, ओलसर लाकूड. एखाद्या गोदामाचं दार उघडं असेल आणि आत बायका सुंठ निवडत बसल्या असतील, तर दारात थांबून हात जोड, आत येऊ का अशी खूण कर. बहुतेक वेळा येऊ देतात. सुपात सुंठेचे खडे घेऊन त्या इतक्या वेगानं निवडतात, की नजर पुरत नाही: मोठा, मध्यम, तुटका, किडका. बारीक धूळ हवेत भरलेली असते, रुमाल नाकाला लाव. बाजारात पांढरीशुभ्र सुंठ मिळते, ती चुन्यात घोळवलेली असते. दिसायला छान, कीडही लागत नाही, पण मी कधी घेतली नाही. चुना न लावलेली, मातकट रंगाची घ्यावी, मोडली की आतून तंतू दिसले पाहिजेत आणि वास झणकन यायला हवा.

मसाल्याचं निघालंच आहे तर हेही ऐक. रिक्षावाला तुला एका विशिष्ट दुकानात नेण्याचा आग्रह करेल. त्याला तिथे दलाली मिळते, पोटासाठी करतो, त्याच्याशी भांडू नकोस. फक्त तिथे घेऊ नकोस. जिथे शहरातले लोक वाण्याकडून घेतात तिथे घे. मिरी घेताना चार दाणे पाण्यात टाकायला माग. भरलेला दाणा तळाला जातो, पोकळ दाणा तरंगतो. पपईच्या बियांची भेसळ असली तर त्याही बहुधा वरच राहतात, आणि बोटांनी चाचपल्यावर त्या लांबट, सुरकुतलेल्या लागतात. दाताखाली तिखटपणा नाही. लवंगेच्या पोटात नख रोव, तेल सुटलं पाहिजे. तेल काढून घेतलेली लवंग कोरडी, आक्रसलेली असते. दुकानदार चांगला असेल तर तुझं हे करणं बघून खूश होईल आणि आतली बरणी काढेल. तोंड वाकडं करणाऱ्याकडून काहीच घेऊ नकोस.

तिथून चेर्लाईला चालत जा. हे तुझ्या यादीत नाही, आणि मला सगळ्यात जास्त हेच सांगायचं होतं. चेर्लाईत तिरुमला देवस्वम आहे, कोकणी गौड सारस्वतांचं मोठं देऊळ. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांच्या जाचामुळे गोवा सोडून जी कुटुंबं दक्षिणेकडे गेली, त्यातली पुष्कळ इथे स्थिरावली. मल्याळी पाट्यांच्या गल्लीत चालताना अचानक कानावर ओळखीचे शब्द पडतात. दारात पापड वाळत घातलेले असतात. दोन आज्या ओसरीवर बोलत बसल्या असतील तर तुला अर्धंअधिक कळेल. थांब, मराठीत बोल, सावकाश. त्या कोकणीत उत्तर देतील. कुणाची कोण, कुठून आलीस, जेवलीस का, इथपर्यंत संभाषण जाणारच.

याच वस्तीच्या पूर्वजांनी एक मोठं काम केलं आहे. सतराव्या शतकात कोचीनच्या डच सत्तेचा प्रमुख होता व्हॅन ऱ्हीड. त्यानं मलबारच्या वनस्पतींचा बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध केला, 'हॉर्टस मलबारिकस'. तो १६७८ पासून १६९३ पर्यंत ॲमस्टरडॅमला छापला गेला. झाडांची ओळख आणि औषधी गुण सांगणारे जाणकार इथलेच होते: इट्टी अच्युतन हे मलबारचे वैद्य, आणि रंग भट, विनायक पंडित, अपू भट हे तीन कोकणी वैद्य. या तिघांनी दिलेलं प्रमाणपत्र पहिल्या खंडात छापलं आहे, कोकणीत, नागरी अक्षरांत. चित्रांवरही वनस्पतींची नावं लॅटिन, मल्याळी, अरबी आणि नागरीत आहेत. मराठी शाळेत शिकलेल्या मुलीला वाचता येतील अशी अक्षरं साडेतीनशे वर्षांपूर्वी युरोपात छापली गेली, आणि ती गेली या गल्ल्यांतून. कालिकत विद्यापीठाचे के. एस. मणिलाल यांनी आयुष्य घालून या ग्रंथाचं इंग्रजी आणि मल्याळी भाषांतर केलं. जाण्याआधी त्यातली चित्रं इंटरनेटवर बघून जा. मग त्या गावातलं साधं अडुळशाचं झुडूपही तुला वेगळं दिसेल.

तू जाशील तेव्हा तिथे तुलावर्षाचे दिवस असतील, परतीचा पाऊस. सकाळ लख्ख, दुपारी तीनच्या आसपास पूर्वेकडून, घाटाच्या बाजूनं, काळं होऊन येतं आणि विजांसह कोसळतं. म्हणून उघड्यावरचं सगळं सकाळी उरकायचं. गडगडायला लागलं की पाण्यावर आणि पुळणीवर थांबायचं नाही. त्या वेळेला फोर्ट कोचीत कथकलीच्या केंद्रात जाऊन बस. खेळ संध्याकाळी असतो, पण रंगभूषा आधी तासभर चालते आणि ती बघू देतात. चटईवर आडव्या पडलेल्या नटाच्या हनुवटीवर तांदळाच्या पिठाची खळ लावून पांढरी कडा उभारतात, तिला चुट्टी म्हणतात. रंग दगडांतून उगाळलेले. अगदी शेवटी नट एका झुडपाच्या फुलातलं चोळून काळं केलेलं इवलंसं बी खालच्या पापणीत ठेवतो आणि डोळे फिरवत राहतो. हळूहळू बुबुळाभोवतीचं पांढरं लाल होत जातं. हे बघितल्यावर रंगमंचावरचे ते डोळे कळतात. माझ्या मते खेळापेक्षा हा तास मोलाचा.

हरताळ ही केरळातली आणखी एक गोष्ट. कुठल्याशा कारणानं हाक दिली जाते आणि दुकानं, बस, रिक्षा, सगळं ठप्प. २०१९ साली तिथल्या उच्च न्यायालयानं सांगितलं, की हरताळ करायचा तर सात दिवस आधी सूचना द्या. त्यामुळे आता बहुधा आधी कळतं. रोज रात्री लॉजवाल्याला विचार, उद्या काही आहे का. एकदा मी सकाळी साउथला उतरले तेव्हा असाच दिवस होता. रिक्षा नाही, चहा नाही. सामान स्टेशनावर ठेवून मी पाण्याच्या दिशेनं चालत निघाले. एरवी हॉर्ननं भरलेला पार्क ॲव्हेन्यूचा रस्ता रिकामा होता. दोन्ही बाजूंना प्रचंड पर्जन्यवृक्ष, त्यांच्या फांद्या रस्त्यावर एकमेकींत मिसळलेल्या, महाराजाज कॉलेजची जुनी इमारत, आणि सुभाष पार्कच्या पलीकडे शांत खाडी. कॉलेजच्या पहारेकऱ्यानं आपल्या थर्मासमधला कोरा चहा दिला, पैसे घेतले नाहीत. त्यानंतर त्या रस्त्यावर मी नेहमी सकाळी सहाला जायला लागले. तूही जा, हरताळाची वाट बघू नकोस.

खाण्याचं तुला सांगायला नको, तू सगळं खाणारी आहेस. फक्त खानावळीत पाण्याचा रंग गुलाबी दिसला तर परत पाठवू नकोस. पतिमुगम नावाच्या लाकडाचे तुकडे घालून उकळलेलं पाणी असतं ते. उकळलेलं म्हणून उलट तेच प्यावं. पोटाच्या तक्रारी पाहुण्यांना होतात त्या बहुधा रस्त्यावरच्या बर्फानं. तांबड्या भाताबरोबर मत्तीचं कालवण घे, म्हणजे आपली तारली. त्याला आंबटपणा येतो तो कुडमपुळीचा, आपल्या कोकमाच्याच कुळातलं फळ, पण धुरावर वाळवून काळंभोर केलेलं. पहिल्या घासाला धूर लागतो, दुसऱ्याला आंबट. कालवण आदल्या दिवशीचं असेल तर जास्त चांगलं. लाजू नकोस, कालचं आहे का असं विचार. देणाऱ्याला समजेल की खाणारी जाणती आहे.

एकटीनं फिरताना रोज रात्री कुठे आहेस ते घरी कळव, ११२ हा तातडीच्या मदतीचा नंबर फोनात वर ठेव, आणि अंधार पडल्यावर ओळख नसलेल्या गल्लीत शॉर्टकट घेऊ नकोस. हे तुझी आई दहा वेळा सांगेल, मी एकदाच सांगते.

येताना बाजार रोडवरून कुडमपुळी आण. प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत घालून गाठ मार, नाहीतर सगळ्या कपड्यांना धुराचा वास लागेल. पाव किलो तुझ्या आईला, पाव किलो मला. घेताना दाबून बघ, चामड्यासारखी लवचिक लागली पाहिजे. कडक, ठिसूळ असेल तर जुनी आहे, दुसऱ्या दुकानात जा.

तुझी,
काकू